‘ओढा’ म्हणजे नक्की काय? अर्थ, मूळ आणि गोतावळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की ओढे वाहू लागतात आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्नही येऊ लागतात. ओढा आणि नाला एकच का? ओहोळ आणि ओहोटी बहिणी का? नदी कुणाला म्हणायचं? गेली काही वर्षं मी वाहत्या पाण्याचे मराठी शब्द जमवते आहे. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ओढा म्हणजे नेमकं काय?

नदीपेक्षा लहान आणि ओहोळापेक्षा मोठा असा नैसर्गिक प्रवाह. कोशातला अर्थ एवढाच. वापरात मात्र हा शब्द याहून ऐसपैस आहे. ‘गुरं ओढ्यात सोडली’ असं आपण चैत्रातही म्हणतो, तेव्हा तिथे पाण्याचा टिपूस नसतो. म्हणजे ओढा हे पाण्याचं नाव आहे, तसंच पाण्याच्या जागेचंही. पाणी गेलं तरी जागा ओढाच राहते.

घाटाच्या पूर्वेला बहुतेक ओढे असेच वागतात. मृगात पहिलं गढूळ पाणी, आषाढ-श्रावणात पूर, दिवाळीपर्यंत नितळ धार, पुढे नुसते डोह आणि शेवटी वाळू. त्या वाळूत हातभर खड्डा करून आम्ही झिरा काढायचो. आधी गढूळ पाणी यायचं, ते वाटीनं उपसून टाकायचं आणि गप्प बसून राहायचं. थोड्या वेळानं तळाशी वाळूचे कण हलताना दिसायचे आणि स्वच्छ पाणी चढायचं. ओढा आटला असं म्हणतात, पण तो बहुतेक वेळा खाली उतरलेला असतो.

हा शब्द आला कुठून?

मराठीत क्रियापदापासून नाम घडवण्याची एक सोपी रीत आहे. झरणे – झरा, वेढणे – वेढा, लढणे – लढा, ठेवणे – ठेवा. त्याच रांगेत ओढणे – ओढा हा शब्द आपोआप बसतो. जो ओढून नेतो तो ओढा.

मला हे नातं व्याकरणापेक्षा बोलण्यामुळे जास्त पटतं. पोहणारा माणूस पाण्याला ‘वेग आहे’ असं क्वचित म्हणतो, तो म्हणतो ‘ओढ आहे’. लहानपणी पावसाळ्यात शाळेला निघाले की आजी उंबऱ्यातून सांगायची, “पोरी, आज वढ्याला वढ हाय, पल्याड जाऊ नगंस.” गुडघाभर पाणी असायचं, पण त्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकायची, पिंढऱ्यांवर पाण्याचा दाब यायचा आणि न चालताही पाऊल पुढे जायचं. वढा आणि वढ हे दोन शब्द आजीच्या एकाच वाक्यात का होते, ते मला तेव्हा पायांना कळलं.

‘त्याचा गाण्याकडे ओढा आहे’ यातला ओढा हाच का?

घडण तीच. पाणी उताराकडे जातं तसं मन एखाद्या गोष्टीकडे जातं. कल, आवड, आकर्षण असे शब्द आहेत, पण ‘ओढा’ म्हटलं की आपण जात नसून नेले जात आहोत हे त्यात येतं. याच घरातला ‘ओढाळ’ हा शब्द दुसऱ्याच्या पिकाकडे धावणाऱ्या गुराला लावतात आणि तसल्याच मनालाही. खानदेशात तो ‘वढाय’ होतो. ओढाताण, ओढगस्त, जिवाची ओढ हेही सगळे त्याच गोतातले.

हिंदीत ‘ओढना’ म्हणजे पांघरणं. मग आपलं ‘ओढणे’ वेगळं कसं?

उच्चार जवळचा आहे, काम वेगळं आहे. हिंदीत चादर ‘ओढतात’ म्हणजे अंगावर घेतात, आणि आपण जे ओढतो त्याला ते ‘खींचना’ म्हणतात. मराठीतली ‘ओढणी’ ही पांघरण्याच्या अर्थाची आहे. ओढ्याचा तिच्याशी संबंध जोडू नये.

ओहोळ आणि ओढा यांत फरक काय?

आकाराचा, आणि मुळाचाही. ओहोळ लहान असतो. उडी मारून पार होतो तो ओहोळ, पाण्यात उतरावं लागतं तो ओढा, असं आमच्याकडे मुलांना सांगत.

मूळ मात्र इथे अगदी स्पष्ट दिसतं. संस्कृतात ‘ओघ’ म्हणजे प्रवाह, लोट. दोन स्वरांमध्ये आलेला ख, घ, थ, ध, भ प्राकृतात बहुधा ‘ह’ होतो. दधि – दही, बधिर – बहिरा, गोधूम – गहू ही त्याची रोजच्या वापरातली उदाहरणं. त्याच नियमानं ओघाचा ‘ओह’ झाला, त्याला ‘ळ’ जोडला गेला आणि ओहळ, ओहोळ तयार झाला. एकच शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ‘ओघ’ भाषणात, लिखाणात राहिला (ओघवती शैली, ओघानं आलंच), आणि प्राकृतातून झिजत आलेला ओहोळ शेताच्या बांधावर राहिला.

या ओघाची पोच मोठी आहे. पाली बौद्ध ग्रंथांत माणसाला वाहून नेणारे चार ओघ सांगितले आहेत : काम, भव, दिट्ठि आणि अविज्जा. म्हणजे वासना, अस्तित्वाची आसक्ती, चुकीची दृष्टी आणि अज्ञान. जो हे ओघ तरून जातो तो मुक्त. पावसाळ्यात ज्यानं भरला ओढा ओलांडला आहे, त्याला हे रूपक समजावून सांगावं लागत नाही.

ओहोळ बरोबर की ओहळ?

दोन्ही चालतात. जुन्या मराठीत ‘वोहळ’ असंही लिहिलेलं सापडतं, कारण शब्दाच्या सुरुवातीचा ओ तेव्हा ‘वो’ असा लिहीत. ओवीची ‘वोवी’ आणि ओघाचा ‘वोघ’ तसाच. ग्रामीण बोलण्यात आजही ओढ्याचा ‘वढा’ आणि ओहोळाचा ‘व्हळ’ ऐकू येतो. त्याला अशुद्ध म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा मला वाईट वाटतं. त्या ‘व’ला सातशे वर्षांची सोबत आहे.

मग ओहोटीही ओघातूनच आली असेल?

नाही. ओहोटी आली आहे ‘ओहटणे’पासून, म्हणजे मागे सरणे, कमी होणे. ओहोळ पुढे जातो, ओहोटी मागे जाते. सुरुवातीची दोन अक्षरं सारखी दिसतात एवढंच.

कोकणात आणि गोव्यात ओढा का म्हणत नाहीत?

तिथे दुसरे सुंदर शब्द आहेत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ‘व्हाळ’, रत्नागिरीकडे ‘पऱ्ह्या’. व्हाळ म्हणजे वहाळ, ‘वाहणे’ या क्रियापदाचं सख्खं लेकरू. गुजरातीतला ‘वहेळो’ही त्याच घरचा. कोकणी भाषेत नदीला ‘न्हंय’ म्हणतात. नदी या शब्दातला ‘द’ गळून पडला की काय उरतं, ते त्यात ऐकू येतं.

वहाळ हा शब्द फक्त कोकणचा आहे असं मात्र समजू नका. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ‘वहाळ वोहळ’ अशी जोडीच आली आहे. गंगेच्या पाण्याला मिळेपर्यंतच त्यांना वहाळ, वोहळ म्हणायचं, मिळाल्यावर ते नुसते गंगारूप होतात, असा तिथला दृष्टांत आहे आणि तो जातिभेदाबद्दल सांगितला आहे. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी नांदत होते. पुढे एक घाटावर जास्त रुळला आणि दुसरा किनाऱ्याकडे.

नाला म्हणजे गटार ना? मग ओढ्याला नाला का म्हणतात?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सर्वांत जवळचा.

आधी नाल्याची बाजू. संस्कृतात नाड, नाल म्हणजे पोकळ दांडा, कमळाचा देठ. त्या पोकळपणातून नळ, नळी, नाडी, नाळ, नाली आणि नाला हे सगळे शब्द निघाले. बाळाला आईशी जोडते ती नाळ आणि डोंगराला नदीशी जोडतो तो नाला, दोघांची पणजी एकच. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ‘नाळ’ या शब्दाचा आणखी एक अर्थ माहीत असतो : पाण्यानं कापून काढलेली अरुंद, उभी घळ. रायगडाच्या परिसरातली बोराट्याची नाळ आणि सिंगापूर नाळ या वाटा त्यातल्याच. इंग्रजांनीही हा शब्द ‘नल्ला’ म्हणून उचलला आणि पार हाँगकाँगपर्यंत नेला. तिथे आजही रस्त्यांच्या नावांत तो आहे.

विदर्भ-मराठवाड्यात नाला हा ओढ्याचाच रोजचा शब्द आहे. तिथला माणूस नाला म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे घाण नसते, काठावरची करंजी आणि उंबर असतात. जलसंधारणाच्या कामांतही तोच रुळला : नाला बांध, नाला खोलीकरण. त्यामुळे शब्दाला दोष देता येत नाही.

दोष आहे तो शहरानं त्या शब्दाचं जे केलं त्यात. वस्ती वाढली, सांडपाणी ओढ्यात सोडलं, मग घाण वाहणाऱ्या प्रवाहाला नाला म्हटलं, आणि नाला म्हटल्यावर तो बुजवायला, वळवायला, त्यावर स्लॅब टाकायला कुणाचा हात अडखळला नाही. मुंबईतली मिठी ही विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमला समुद्राला मिळणारी नदी. तिला कित्येक मुंबईकर नालाच समजत होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आहे हे शहराला पाण्यात उभं राहून कळलं. पुण्यात कात्रजच्या डोंगराकडून येऊन मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्यानं तर आपलं नाव सोडलं नव्हतं. तरी त्याची जागा आवळली गेलीच, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याच्या पुरानं माणसं नेली. नुसतं नाव राहून भागत नाही, हे मी या ओढ्याकडून शिकले.

तरीही नाव राहावं असं मला मनापासून वाटतं. ज्या ओढ्यात मी झिरे काढले, त्याच्या काठावर आता फलक आहे : ‘नाला क्र. 3’. त्या ओढ्याला नाव होतं. उंबराचा ओढा. उंबरही अजून आहे, फलकापासून वीस पावलांवर.

झरा ओढ्याचा लहान भाऊ का?

झरा हा उगम आहे. जमिनीतून किंवा खडकातून पाणी बाहेर येतं ती जागा आणि ते पाणी, दोन्ही झरा. वाहू लागलं की पुढे तो ओहोळ होतो.

याच्या मुळाशी मात्र थोडं थांबायला हवं. संस्कृत धातू ‘क्षर्’ म्हणजे गळणे, पाझरणे, झिजत जाणे. प्राकृतात त्याचा ‘झर’ झाला. त्यातून झरा, झरणे आणि ‘प्र’ लागून पाझर, पाझरणे. आता याच धातूला नकार लावा : जे क्षरत नाही, गळून जात नाही, ते अक्षर. तुम्ही आत्ता वाचत आहात ती अक्षरं आणि डोंगरातला झरा एकाच धातूचे आहेत. एक वाहून जाणारं, दुसरं वाहून न जाणारं. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत बसले.

प्राकृतात झऱ्यासाठी ‘ओज्झर’ असाही शब्द होता. आपल्या ओझर, वझर या गावनावांत तो ऐकू येतो. डोंगरातल्या धारेला ‘वझर’, ‘वझरा’ म्हणणारे लोक आजही आहेत.

नदी कधी म्हणायचं आणि ओढा कधी?

ठरलेलं माप नाही. अभ्यासक प्रवाहांना प्रती, म्हणजे चढत्या पायऱ्यांचे क्रमांक, देतात. अमेरिकी भूशास्त्रज्ञ आर्थर स्ट्रालर यांनी 1950 च्या दशकात मांडलेली रीत सर्वांत जास्त चालते : ज्याला एकही उपप्रवाह मिळत नाही तो पहिल्या प्रतीचा, पहिल्या प्रतीचे दोन मिळाले की दुसऱ्या प्रतीचा, दुसऱ्या प्रतीचे दोन मिळाले की तिसऱ्या. पण अमुक प्रतीपासून नदी सुरू, असं त्यातही नाही.

लोकांची कसोटी वेगळी असते. जिला उगमाची कथा आहे, काठावर घाट किंवा देऊळ आहे, जिची ओटी भरतात, ती नदी. म्हणून उन्हाळ्यात कोरडी पडणारी एखादी बारीक धारही नदी असते आणि तिच्याहून रुंद प्रवाह ओढाच राहतो. ही कसोटी मला अशास्त्रीय वाटत नाही. लोकांनी कुणाला काय मानलं, हीसुद्धा माहितीच आहे.

नदी या शब्दाचं मूळ काय?

‘नद्’ म्हणजे आवाज करणे. नाद त्यातलाच. ही व्युत्पत्ती आधुनिक नाही. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात पाण्यालाच उद्देशून म्हटलं आहे की तुम्ही नाद करत निघालात म्हणून तुमचं नाव नदी. वैदिक शब्दांची मुळं सांगणाऱ्या यास्कानंही आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात तेच सांगितलं : आवाज करतात म्हणून नद्या. पुल्लिंगी रूप ‘नद’. ब्रह्मपुत्र आणि शोण यांना परंपरेनं नद म्हणतात.

अमरकोशात नदीची नावं ओळीनं दिली आहेत : सरित्, तरंगिणी, तटिनी, ह्रादिनी, स्रवंती, निम्नगा, आपगा. निम्नगा म्हणजे खालच्या बाजूला जाणारी. उतार हा नदीचा स्वभाव आहे हे एका शब्दात सांगणारं याहून नेमकं नाव मला माहीत नाही.

ओढा हा कानडी शब्द आहे का?

कानडीत ‘ओडु’ म्हणजे धावणे, म्हणून हा प्रश्न येतो. पण कानडीत लहान प्रवाहाला ‘हळ्ळ’ म्हणतात, आणि सोलापूर, कोल्हापूर, बेळगावच्या सीमेवर तोच शब्द कानावर पडतो. ध्वनी जुळला म्हणून शब्द उसना ठरत नाही.

‘दुथडी भरून वाहणे’ यातली थडी कोणती?

थडी म्हणजे काठ. दोन्ही काठ भरून वाहणारं पाणी ते दुथडी. पैलथडी, ऐलथडी हे तसेच. गोदावरीकाठचा मुलूख गंगथडी आणि भीमेकाठचा भीमथडी. ओढाही दुथडी वाहतो, तो मान फक्त नदीचा नाही.

ओढा कुणाच्या मालकीचा असतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव आणि त्यांतलं पाणी हे दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर शासनाचं. सातबाऱ्यावर तुमच्या गटातून जाणारा नाला बहुधा पोटखराब्यात (लागवडीखाली न धरलेल्या जमिनीत), वर्ग ‘ब’मध्ये दिसतो. तो नांगरून सपाट करता येत नाही. करतात, आणि मग पहिल्याच वळवात पाणी शेजाऱ्याच्या उसात शिरतं.

आमच्या ओढ्याचं नाव नकाशात नाही. ते कसं शोधायचं?

आधी तलाठी कार्यालयातला किंवा भूमी अभिलेखचा गावनकाशा बघा. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा. त्यात पाणी असलेला भाग निळा आणि कोरडं पात्र काळ्या रेषेत दाखवतात. आपले बहुतेक ओढे म्हणूनच काळे दिसतात आणि नजरेतून सुटतात.

नंतर पायी निघा आणि विचारा. गुरं चारणाऱ्यांना, धुणं धुणाऱ्या बायांना, मासे-खेकडे धरणाऱ्या पोरांना. पण एकाच ठिकाणी विचारून थांबू नका, कारण एका ओढ्याला एकच नाव असतं हा समज चुकीचा आहे. माथ्यावर तो म्हसोबाची घळ असतो, मळ्याजवळ उंबराचा ओढा, गावाला वळसा घालताना मसणवटीचा ओढा आणि नदीला मिळताना नुसता ‘संगम’. प्रत्येक टप्प्यावरचं नाव वेगळं टिपा, कोणी सांगितलं आणि ती जागा कोणती तेही लिहा. सांगणारी ‘वढा’ म्हणाली तर ‘वढा’च लिहा.